बँक, फोन आणि दवाखाना : संशोधन आपल्या उंबरठ्यापर्यंत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'उपयोजित संशोधन आणि आपण' असा विषय दिला आहे. विषय ऐकून काहीजणांनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही! संशोधन म्हणजे विद्यापीठातल्या मोठ्या लोकांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून सुरुवात आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

आम्ही आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कोणत्या बँकेत, ते सांगण्याचे कारण नाही. शाखेत असताना औराद तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. कागदाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. गृहस्थ मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेले. आम्हीच बोट ठेवून दाखवले, "इथे सही करा." पुढे कर्जदार वारला, हप्ते थकले आणि नोटीस जामीनदाराच्या घरी गेली. ते नोटीस घेऊन आमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही तर म्हणले होते, नुसती सही हाय." आम्ही खोटे बोललो नव्हतो, पण खरेही सांगितले नव्हते. त्या माणसाने बैलजोडी विकून पैसे भरले. ही गोष्ट आम्ही आजवर कुठल्या सभेत सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण आजचा विषय नेमका तिथेच आहे.

आता गंमत पाहा. जामीन म्हणजे काय, याचा बारकाईने विचार झाला तो आपल्याच मातीत. आपले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याण नगरी. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातले मरतूर हे त्यांचे गाव मानले जाते. वारसाहक्कासाठी मिताक्षरेचे नाव आपल्या वकील मंडळींना पाठ आहे. पण त्यात कर्जाचेही प्रकरण आहे. जामीन तीन प्रकारचा सांगितला आहे. माणसाला हजर करण्याचा, त्याच्या भरवशाची हमी देण्याचा आणि प्रत्यक्ष पैसे फेडण्याचा. पहिल्या दोन प्रकारांत जामीनदार वारला तर त्याच्या मुलांवर बोजा येत नाही, तिसऱ्यात येतो. व्याजाचेही तसेच. तारण असेल तर दर कमी. घनदाट अरण्यातून व्यापाराला जाणाऱ्याला महिन्याला शेकडा दहा, समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस. वाटेत बुडण्याची भीती जितकी मोठी, तितके व्याज मोठे. ज्याला आज बँका 'क्रेडिट रिस्क' म्हणतात, ती दुसरी काय आहे? वर्णावरून व्याज ठरवण्याचा त्या काळचा भाग आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. पण जोखीम मोजावी आणि जामीनदाराने आपण कोणत्या प्रकारात अडकतो हे आधी ओळखावे, ही अक्कल या भूमीला जुनी आहे. आमच्या औरादच्या जामीनदाराला मात्र ती कोणी सांगितली नाही.

असो. जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणे सोपे असते. आपण अलीकडच्या काळात येऊ.

हुमनाबादहून झहीराबादमार्गे हैदराबादला जाताना पाटणचेरू लागते. तिथे १९७२ साली 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. कलबुर्गीच्या तूर उत्पादकांना ती 'मारुती' या मर रोगाला दाद न देणाऱ्या वाणामुळे माहीत आहे. पण याच संस्थेने १९७५ पासून आणखी एक काम केले. काही खेडी निवडली आणि प्रत्येक गावातली चाळीस कुटुंबे घेतली. दहा भूमिहीन मजुरांची, तीस लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. गावातच मुक्काम करून राहणारे अन्वेषक दर तीन-चार आठवड्यांनी त्या घरांत जाऊन पेरणी किती, मजुरी किती, धान्य किती, उसनवारी किती, हे वर्षानुवर्षे लिहून घेत राहिले. त्या गावांपैकी एक सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर, म्हणजे आपल्या आळंद-अफझलपूरच्या शेजारच्या जिल्ह्यातले. तेच पाऊसमान, तीच ज्वारी, तीच मराठी.

हान्स बिन्सवँगर या अर्थशास्त्रज्ञाने या गावांतल्या शेतकऱ्यांबरोबर छापा-काट्याचा खेळ मांडला. खऱ्या पैशांचा! अर्ध्या रुपयापासून सुरुवात. ठरलेली रक्कम खात्रीने घ्यायची, की नशिबावर सोडून जास्तीची आशा धरायची? पुढे रक्कम वाढत गेली. पन्नास रुपयांच्या फेरीत पन्नास रुपये खात्रीने मिळायचे. पण नाणे उडवले तर दोनशे तरी किंवा काहीच नाही. त्या काळी ती मजुराच्या महिन्याच्या कमाईहून मोठी रक्कम होती. निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच जपून खेळतात, आणि गरीब व श्रीमंत शेतकऱ्यांच्या वागण्यात फारसा फरक नसतो. म्हणजे लहान शेतकरी खते-बियाण्यांवर पैसे घालत नाही, तो भित्रा आहे म्हणून नव्हे. त्याच्या हाती भांडवल आणि कर्ज वेळेवर येत नाही म्हणून. आम्ही बँकेत होतो तेव्हा 'छोटा शेतकरी जोखीम घेत नाही' हे वाक्य किती वेळा ऐकले आणि किती वेळा स्वतः बोललो! आपल्या शेजारच्या गावाने ते खोटे पाडले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, अकोला जिल्ह्यातले कंझारा आणि महबूबनगर जिल्ह्यातले औरेपल्ले या तीन गावांच्या त्याच नोंदी घेऊन एक प्रबंध लिहिला. जगभरच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचावा लागतो. एखाद्या घराचे उत्पन्न त्या वर्षी बुडाले, तर त्या घरातले खाणेपिणे तितक्या प्रमाणात बुडते का? उत्तर असे आले की, पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी घराचे खाणे आपल्या एकट्याच्या उत्पन्नाबरोबर नव्हे, तर सगळ्या गावाबरोबर वरखाली होते. कारण आपल्याला सांगायला नको. हातउसने, सोयरिक, भावकी, दुकानदाराची उधारी, दागिना गहाण. एकाचे बुडाले की चौघे धरतात. भूमिहीनांना मात्र हा आधार तितका मिळत नव्हता, हेही त्या नोंदींत दिसले.

पण सगळ्यांचेच एकदम बुडाले तर? १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे या सभागृहात बसली आहेत. तेव्हा भावकी कोणाला धरणार? भावकीच्याच घरी चूल पेटायची पंचाईत. गावाच्या आतली मदत एका घराचे संकट पेलते; सगळ्या मुलखावर आलेले संकट पेलायला मुलखाबाहेरचा पैसा लागतो. म्हणून बँक, म्हणून विमा. आपल्या बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात पतसंस्थांच्या मार्फत महिला बचत गट जोडण्याचे काम केले. ते पाहायला आणि अभ्यासायला बाहेरून माणसे आली. देशात नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून ज्या योजनेचा प्रयोग सुरू केला, तिला बीदरने बळ दिले. गटातल्या बायका एकमेकींना ओळखतात, हेच तिथले तारण.

विम्याचे काय झाले? २००३ साली महबूबनगर जिल्ह्यात पावसावर आधारलेला विमा प्रथम विकला गेला. ठरलेल्या केंद्रावर पाऊस कमी मोजला गेला की भरपाई, पंचनाम्याची भानगड नाही. अभ्यासकांना वाटले, जपून वागणारा शेतकरी आधी विमा घेईल. प्रत्यक्षात उलटे दिसले. जपून वागणारेच मागे राहिले. विमा समजला नाही, हे न घेण्याचे मोठे कारण निघाले. विकणारी संस्था ज्यांच्या ओळखीची होती ते पुढे आले, आणि नंतरच्या प्रयोगात ओळखीच्या माणसाने शिफारस केली की खरेदी वाढली. न समजलेला विमाच माणसाला जोखमीचा वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

आता फोनकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरचे नाव सगळ्यांना परिचित आहे. १९९८ साली तिथे सरकार आणि सहकारी संस्थांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. वारणेकाठच्या सत्तरएक गावांसाठी संगणक केंद्रे. त्यातून गावोगाव बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सगळे येणार अशी घोषणा होती. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर केंद्रांचा उपयोग मुख्यतः आपला ऊस किती गेला, खत किती उचलले, खात्यावर काय आहे, एवढे पाहण्यासाठी होत होता. मग संगणकाची गरजच काय? त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाईलवरच्या एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खर्च कमी, सोय जास्त, आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा तेच पसंत. साहेब लोकांनी ठरवलेली गरज आणि शेतकऱ्याची खरी गरज यांतले अंतर सात गावांत दिसून आले, कारण कोणीतरी जाऊन विचारले.

आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने विकल्या जाणाऱ्या हँडसेटवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता येण्याची सोय बंधनकारक केली. म्हणजे यंत्राला मराठी येते. पण हप्ता कापल्याचा संदेश आमच्या घरी अजून इंग्रजीत येतो आणि आजोबा नातवाची शाळा सुटायची वाट पाहतात.

तिसरी गोष्ट दवाखान्याची. आपल्या कोरडवाहू भागात विंचू कोणाला नवा आहे? डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे आपल्यासारखेच जुन्या निजामी मुलखातले. ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर झाले. तांबडा विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत दगावत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रोग्याच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची टिपणे ठेवली. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते, हे त्यातून उलगडले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी त्यावर दिले. त्यांचे निष्कर्ष १९८२ आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. गंभीर रोग्यांमध्ये शंभरात पंचवीस-तीस मृत्यू होत, ते प्रमाण पुढे एकाच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती आणि रोग्याच्या शेजारी बसून राहण्याची तयारी होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांत हे काम झाले आणि शेजारची ४७ गावे तुलनेला ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे देशभरातल्या आशा ताई घरोघर जाऊन बाळ तपासू लागल्या, त्यामागे हे काम आहे. बाळंतिणीच्या खोलीत शिरायला आणि तिची भाषा समजायला गावातलीच बाई लागते.

मित्रहो, या साऱ्यात एक समान गोष्ट दिसते. चाळीस घरांच्या नोंदी असोत, सात गावांचे एसएमएस असोत की खाटेशेजारची वही, जगाला उपयोगी पडलेले ज्ञान आपल्यासारख्याच घरांतून, आपल्यासारख्याच माणसांना त्यांच्या भाषेत विचारून मिळाले. मात्र ते परत आपल्या दारी येते तेव्हा परक्या भाषेच्या कागदावर येते, आणि तिथे आपण पुन्हा अडाणी ठरतो.

आमच्याच घरातले उदाहरण. आमच्या आत्या एका शहरातल्या रुग्णालयातून घरी आल्या. घरी पाठवतानाचा कागद इंग्रजीत. रक्तदाबाची जुनी गोळी बंद करून तीच दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिली होती. सून शिकलेली, पण कागदावरची ती ओळ तिला उमगली नाही. दोन्ही गोळ्या दिल्या गेल्या. चौथ्या दिवशी आत्या चक्कर येऊन न्हाणीत पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा चालल्या नाहीत. डॉक्टर चांगले होते, औषध योग्य होते. एका ओळीची मराठी नव्हती.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. कन्नडशी आपले वैर नाही. ती आपल्या अंगणातली भाषा आहे, आपली मुले ती शिकतात आणि उत्तम शिकली पाहिजेत. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. तेव्हापासूनचा सीमेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे; तो तिथे लढला जाईल. पण आत्याची गोळी आणि जामीनदाराची सही न्यायालयाच्या तारखेची वाट पाहू शकत नाही. यासाठी जे हक्क आज हातात आहेत, ते आधी वापरू.

पहिला हक्क कर्जाचा. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी व्याज, सगळे खर्च आणि अटी सांगणारे एक पत्रक कर्जदाराला द्यावे लागते. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि समजावून सांगितले पाहिजे. सूक्ष्म वित्त कर्जाचे कार्डही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देण्याचा नियम २०२२ पासून आहे. मागितल्याशिवाय हे मिळेल, अशी आशा निवृत्त बँकवाल्याने तुम्हाला दाखवू नये. मागा, लेखी मागा. आणि जामीन राहणाऱ्याने कर्जदाराकडून ते पत्रक घेऊन वाचल्याशिवाय पेन उघडू नये.

दुसरा दवाखान्याचा. औषधांच्या चाचणीत किंवा संशोधनात कोणी आपल्या माणसाला घेत असेल, तर संमतीचा मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेत असणे २०१९ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. साध्या उपचारासाठी मात्र आपणच सोय करू. मंडळाच्या तरुणांनी दर रविवारी कार्यालयात बसून घरी आणलेल्या कागदावरून 'गोळी, वेळ, किती दिवस, कोणती बंद' असा चार रकान्यांचा मराठी तक्ता औषध दुकानदाराच्या मदतीने करून द्यावा. त्यावर डॉक्टरांची एक नजर घालून घ्यावी. याला निधी लागत नाही.

तिसरे काम सर्वांत मोठे आहे. संविधानाच्या ३७१-जे कलमाने या भागातल्या स्थानिकांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा दिल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारी आपली मुलेही त्या स्थानिकांत येतात. १९८० पासून गुलबर्गा विद्यापीठ आहे, २००९ पासून आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, बीदरला वैद्यकीय महाविद्यालय आणि पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. आपली हुशार मुले पुण्याला, बंगळुरूला जातात. जावोत. पण दोघा-चौघांनी तरी इथे राहून इथला प्रश्न मोजावा. ज्या मुलीला मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू तिन्ही बोलता येतात, तिच्याइतकी तयारी बाहेरून आलेल्या कोणत्या संशोधकाची असेल? आणि आपल्यापैकी ज्या जुन्या घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या, मोडी दस्त, सावकारीचे बाड पडून आहे, त्यांनी ते रद्दीत घालू नये. १९७२ साली कोणी कोणाला किती ज्वारी उसनी दिली, हे त्या वह्यांत असेल तर ते सोने आहे.

औरादचे ते जामीनदार आता नाहीत. त्यांचा मुलगा शेती करतो, आणि नात कलबुर्गीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. मागच्या महिन्यात ती आमच्याकडे आली होती. लहान शेतकऱ्यांच्या कर्जावर काही करायचे म्हणते आणि जुन्या कर्जप्रकरणांबद्दल विचारत होती. आजोबांची गोष्ट तिला घरातून कळलेली होती. त्या टेबलामागे आम्ही बसलो होतो हे मात्र तिला माहीत नव्हते. आम्ही ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग वही उघडून म्हणाली, "काका, मग तुम्हीच सांगा, त्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं होतं?"

आम्ही तिला एकेक ओळ मराठीत सांगितली. जे काम आम्ही तेव्हा करायला हवे होते, ते इतक्या वर्षांनी केले.